घोड्याचा डॉक्टर आणि तारवाली

रशियन माणसाला तीन-तीन नावं असतात. एक स्वतःचं, एक बापाचं, एक घराण्याचं. आणि कोणी लाडात आलं की चौथंही निघतं. आपल्याकडेही पाळण्यातलं वेगळं, शाळेतलं वेगळं आणि हाकेचं वेगळं असतं, ते मला कबूल आहे. पण आपण ती सगळी एकाच पानावर सांडत नाही. त्यामुळे निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर मिळालेलं, मराठीत उतरवलेलं ते विटेएवढं रशियन पुस्तक मी दोनदा उघडलं, दोनदा बाराव्या पानावर मिटलं आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. ते दिलं होतं शेजारच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींनी. त्यांचं वाशीमला घरचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा वाचनात. मी नावांची तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नाम भूल जाओ, आदमी याद रखो." पुढची चार वर्षं मी काहीच लक्षात ठेवलं नाही.

मग टाळेबंदी आली आणि पुस्तक साड्यांखालून निघालं.

मेडशीला आमचं घर हमरस्त्याला लागून आहे. त्या घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी नणंद. माझा नवरा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, आणि नणंद तर तीस वर्षांपासून माहेरीच, म्हणजे आमच्याकडे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणते, ती मला मास्तरीन म्हणते, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेलं नाही. तिला अक्षर येत नाही. मी पस्तीस वर्षं गावोगावच्या पोरांना बाराखडी गिरवायला लावली आणि घरातली बाई तशीच राहिली, हे सांगताना मला लाज वाटते. एकदा मी पाटी घेऊन बसले होते तिच्यापुढे. ती म्हणाली, "आता कोनाले चिठ्ठी लिहाची हाये मले?" मला वाटलं, खरंच, कोणाला लिहायची आहे. पाटी मी परत शाळेत नेली.

ती माहेरी का, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. तिचं सासर मानोऱ्याच्या बाजूचं एक खेडं. नवरा शेतकरी, अबोल, स्वभावाने गरीब. मूल झालं नाही. सासरच्या एका लग्नात ती नवरीला हळद लावायला पुढे झाली, तेव्हा मोठ्या जावेने तिच्या हातातली वाटी चारचौघींत काढून घेतली. मूल नसलेल्या बाईचा हात नको म्हणून. नवरा तिथेच मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने पाहिलं आणि तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीत बसून मेडशीला आली आणि आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "तो न्याले येईन तवाच जाईन."

आमच्याकडे माहेरी आलेली लेक आपली आपण सासरी जात नाही. कोणीतरी न्यायला यावं लागतं. आणि जावई म्हटला की तो बोलावल्याशिवाय सासुरवाडीचा उंबरा चढत नाही. दोन्ही रीती एरवी गोड आहेत, सणावाराला त्यांचं कौतुकही होतं. पण त्या दोन एकमेकींसमोर उभ्या राहिल्या तर काय करायचं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही. पंधरा दिवसांनी तिचा नवरा आला. मेडशीच्या स्टँडवर उतरला आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसला. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि भज्यांची कढई. तिथे तो बोलावण्याची वाट पाहत बसला. निरोप आमच्या घरी पोचला तेव्हा माझे सासरे म्हणाले, "आला असन तं घर मालूम हाये त्याले." नणंद आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिने तेच तांदूळ तीनदा निवडले. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची, धाकटी सून, पण नोकरी करणारी. घरात माझ्या शब्दाला अगदीच किंमत नव्हती असं नाही. चार पावलं चालून जाऊन "चला भाऊजी, चहा घ्याले चला" म्हणाले असते तर ही सगळी कथा तिथेच मिटली असती. सासऱ्यांच्या शब्दापुढे कसं जायचं, असं मी तेव्हा मनाशी म्हणाले. खरं म्हणजे मला उद्याच्या शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या तोंडावर मानोऱ्याकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने एक कापडी थैली आणून दिली. तोंड दाभणाने शिवलेलं. आत तुरीची डाळ, घरच्या वावरातली, घरीच जात्यावर भरडलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. नणंदेने थैली उघडली, मूठभर डाळ हातावर घेऊन पाहिली आणि म्हणाली, "औंदा दाना बारीक हाये." त्या दिवशी तिने वरण दोनदा वाढून घेतलं. मग थैली धुतली, वाळवली, आणि शेवया झाल्यावर त्या तीत भरून त्याच गाडीने परत धाडली. तीस वर्षं हे असं चाललं. कंडक्टर बदलले, गाड्यांचे रंग बदलले, मोबाईल आले. थैली जात-येत राहिली. त्याने दुसरं लग्न केलं नाही, तिने गळ्यातलं काढलं नाही, आणि दोघांच्या तोंडून एकमेकांविषयी शब्द म्हणून निघाला नाही.

टाळेबंदीच्या वर्षी पाडव्याला गाड्याच बंद होत्या. डाळ आली नाही. नणंद दुपारी रस्त्याकडच्या खिडकीशी बसायला लागली. आणि एक दिवस म्हणाली, "मास्तरीन, काही वाच बाप्पा. पोथी नको. पोथी पाठ झाली मले."

म्हणून ते रशियन पुस्तक.

पुस्तकातली नावं तिने दुसऱ्याच दिवशी मोडीत काढली. गुरुजींचा सल्ला तिने न ऐकताच पाळला. गोष्टीत फौजेतला एक जनावरांचा डॉक्टर होता, तो झाला घोड्याचा डॉक्टर. एका आडवळणाच्या स्टेशनात तारा पाठवणारी एक बाई होती, ती तारवाली. बाकी जनरल, जमीनदार, आत्या, मावश्या सगळे "तो मिशीवाला" आणि "थे खोकनारी बुढी" असे चालायचे. मीही वाचताना नावं गाळून तिचीच नावं घ्यायला लागले आणि पुस्तक एकदम धावायला लागलं. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं, आणि आत आम्ही कमरेएवढ्या बर्फात.

ती प्रश्न विचारायची. बर्फात ढोरं काय खातात? स्टेशन केवढं? "वाशीमच्या टेसनाच्या अर्धं असन," असं उत्तरही तीच द्यायची. राजाला हाकललं, जमिनी वाटल्या, हे प्रकरण आलं तेव्हा तिने मला थांबवलं. "मंग सातबारा कोनाच्या नावावर झाला?" मी म्हणाले, पुस्तकात तसं दिलेलं नाही. "मंग कायची क्रांती," ती म्हणाली. लाल फौज आली, पांढरी आली, परत लाल आली, तेव्हा तिचं म्हणणं एकच होतं, की कोणीही आलं तरी पाणी बाईलाच भरायचं आहे. मी कॉलेजात असताना याच क्रांतीवर सोळा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात यातलं काही नव्हतं.

त्याच दिवसांत आमच्या रस्त्यावरून माणसं पायी चालत जायला लागली. हैदराबादेकडून, नांदेडकडून, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं. गावातल्या लोकांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे माठ ठेवले, आम्ही दोघी सकाळी भाकरी थापून न्यायचो. दुपारी पुस्तकात वाचावं, तर तिथेही गाड्या बंद आणि माणसं रुळांवरून चालत निघालेली. वाचता वाचता मी नेमकी कुठली माणसं डोळ्यांसमोर आणते आहे ते मला कळेनासं व्हायचं. नणंद एकदा म्हणाली, "त्यायच्याकडं थंडीनं मेले, आपल्याकडं उनानं मरून राह्यले. एवढाच फरक." 

गोष्ट थोडक्यात अशी. घोड्याचा डॉक्टर आणि तारवाली एका हिवाळ्यात एकमेकांत गुंततात. मग राज्य उलथतं. घोडे सगळ्यांनाच हवे, म्हणून जी फौज येईल ती डॉक्टरला उचलून नेते. एकदा तो तिच्यासाठी पळून येत असतो, आणि कोणीतरी तार करून त्याची गाडी मध्येच अडवतं. त्याला वाटतं, तार तिनेच केली. ती तिने केलेली नसते. पण त्याने असं मानलंच कसं, या रागापोटी ती सांगत नाही, आणि तिने सांगितलं नाही म्हणून त्याला खात्री होते. पुढे सहा वर्षं जातात. ती साऱ्या मुलखाच्या तारा पाठवते, फक्त त्याला पाठवत नाही. तो शिपायांची पत्रं लिहून देतो, स्वतःचं लिहीत नाही.

हे वाचताना मी पुस्तकातून मान वर केली नाही. नणंदच बोलली. "निरे मूर्ख हायेत दोघं." आणि खिडकीबाहेर पाहत, "पुढं वाच नं."

माझे वडील गावच्या देवळात पोथी वाचायचे. त्यांचा एक नेम होता, आणि तो आमच्या भागात सगळेच वाचणारे पाळतात. दिवसाचं वाचन मरणावर किंवा ताटातुटीवर थांबवायचं नाही. अभिमन्यू पडला असेल तर आणखी चार ओव्या पुढे जायचं, कुठे कोणाचा जन्म, कुठे स्वागत, कुठे राज्याभिषेक गाठायचा आणि मग पोथी बांधायची. ऐकणाऱ्यांनी घरी दुःख घेऊन जाऊ नये, असं ते म्हणत. माझ्या अंगात ते इतकं मुरलेलं आहे, की शाळेतही मी धड्याचा दुःखाचा भाग घंटेच्या आधी आटपून पुढच्या धड्याचं चित्र दाखवायचे. या रशियन पुस्तकालाही मी तोच नेम लावला. रोज कुठेतरी चहा उकळेल, घोडी व्याईल, पत्र येईल, असं पान शोधून तिथे थांबायचे. एकदा तर त्यासाठी सलग सत्तावीस पानं वाचावी लागली आणि घसा बसला.

पुस्तकाची विसेक पानं उरली असताना माझ्या मोबाईलवर फोन आला. नणंदेच्या पुतण्याचा, म्हणजे तिच्या त्या मोठ्या जावेच्याच मुलाचा. तो म्हणाला, काकाला बरं नाही. दम लागतो, पायावर सूज आहे, डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय. मग घुटमळत म्हणाला, "काकू येतीन काय? काका काही म्हनत नाई. पन रस्त्याकडं पाहत राह्यते."

मी नणंदेला जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली. मी म्हणाले, बाई, जाऊया. पोलीस पाटलांना मी विचारते, आजारपणाचं कारण असलं की पास मिळतो. भाजीची गाडी वाशीमपर्यंत जाते, पुढचं पाहू. सगळं जुळण्यासारखं होतं. शंभर किलोमीटरही अंतर नाही. ती म्हणाली, "पुस्तक होऊ दे. मंग सांगीन."

मला आधी हसू आलं, मग कळलं की ती थट्टा करत नाही. आमच्या बाया देवाच्या अंगावर फूल लावून कौल घेतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. तिने तिचा कौल त्या पुस्तकाला लावला होता. तीस वर्षं जे तिला ठरवता आलं नव्हतं, ते घोड्याचा डॉक्टर आणि तारवाली ठरवणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी घेऊन रस्त्यावर गेली, तेव्हा मी शेवट चोरून वाचला. शेवटची तीन पानं. डॉक्टर अखेर येतो. बर्फ वितळायला लागलेला असतो. स्टेशनात तारेच्या यंत्रापाशी एक परकी पोरगी बसलेली असते. ती सांगते, आधीची बाई हिवाळ्यातच गेली, तापात. त्याला ती स्टेशनामागच्या कबरींकडे घेऊन जाते, पण बर्फ अजून पुरता गेलेला नसतो आणि कुठली कबर कोणाची ते तिलाही सांगता येत नाही. तो थोडा वेळ उभा राहतो. मग गाडी शिटी देते. गाडीत त्याचे घोडे असतात, म्हणून तो जाऊन गाडीत बसतो. संपलं.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. मला रडू आलं आणि रागही आला. हे तिच्यापुढे कसं वाचायचं? आणि पुढे काय चार ओव्या जोडायच्या? पुस्तकच तिथे संपत होतं. मी विचार केला तो असा, आणि तेव्हा तो मला फार शहाणपणाचा वाटला. दुःखाचा शेवट ऐकला तर ही खचेल, म्हणेल की आता काय उरलं, आणि जाणार नाही. गोड ऐकला तर मन वळेल, उठेल, लुगडं बदलेल, चल म्हणेल. आयुष्यभर मास्तरकी केली की माणसाला वाटायला लागतं, समोरच्याला किती झेपेल ते आपल्यालाच कळतं.

दुपारी मी पुस्तक उघडं धरलं, शेवटच्या तीन पानांवर नजर ठेवली आणि तोंडाने दुसरंच बोलले. डॉक्टर स्टेशनात उतरतो. तारवाली पाठमोरी बसलेली असते, यंत्रावर तिची बोटं चालू असतात. पावलांवरून ती ओळखते, पण वळत नाही. मी इथवर आले तर नणंदेने विचारलं, "मंग काय म्हनली थे?" मी काही ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. "ती म्हणाली, हात-पाय धुऊन घे, जेवायला वाढते."

नणंदेच्या चेहऱ्यावर मी तसं हसू त्याआधी पाहिलं नव्हतं. "असंच म्हनन बाईमानूस," ती म्हणाली. "आनं तार कोनं केली होती, ते?"

"ते त्याने विचारलंच नाही," मी म्हणाले.

ती उठली. पोथीची समाप्ती झाल्यावर करतात तसा तिने रव्याचा शिरा केला, पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला आणि हात जोडले. त्या परक्या मुलखातल्या जाड पुस्तकाच्या कोऱ्या कव्हरावर कुंकवाचं बोट उमटलं. मी शिरा खाल्ला. चांगला झाला होता, आणि मी स्वतःवर खूश होते.

शिरा खाऊन झाल्यावर मी विचारलं, मग पाससाठी सांगू ना पाटलांना?

"कायले?" ती म्हणाली. "तो घोड्याचा डॉक्टर आलाच ना. एवढी लढाई, एवढा बरफ, तरी आला. ज्याले यायचं असते तो येतेच, मास्तरीन. आता गाड्या सुरू झाल्या की हा बी येईन."

मी तिला समजावलं. तो आजारी आहे, त्याला दम लागतो, तो कसा येणार, असं सगळं बोलले. पण माझ्या बोलण्यात जोर नव्हता, कारण ज्या शेवटावर ती उभी होती तो मीच बांधून दिला होता. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरे होतं. बाई, मी खोटं वाचलं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. तिचा चेहरा इतका उजळलेला होता, की मला वाटलं, दोन दिवस राहू दे, मग सांगू. दोनाचे चार झाले. ती रोज उठून अंगण झाडायची, पाणी शिंपडायची. शेवयांचं पीठ तिने त्या वर्षी जरा जास्तच भिजवलं. मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज काहीतरी काम निघायचं.

बाराव्या दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला.

मग पास मिळाला. तासाभरात मिळाला. जे जिवंत माणसासाठी करायला बारा दिवस पुरले नव्हते, ते मेलेल्यासाठी लगेच झालं. आम्ही पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती, चार माणसांत उरकली होती. नणंद रडली नाही. ओट्यावर बसलेल्या माणसांना तिने नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. घरात कोणी चहा टाकलेला नव्हता. मी दारात उभी राहून पाहत होते. तिने चूल पेटवली, पातेलं ठेवलं आणि न पाहता डाव्या हाताने वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला. तिथेच होता. चहाची पूड त्याच्या मागे, तिथेच. गाळणी दाराच्या खिळ्याला. तीस वर्षं एकट्याने रांधून खाणाऱ्या त्या माणसाने एक वस्तू हलवली नव्हती. तेव्हा मात्र गाळणी हातात घेऊन ती चुलीपुढे खाली बसली आणि मी पुढे होऊन पातेलं धरलं.

पुतण्या नंतर मला बाजूला घेऊन बोलला. आता तोही चाळिशीचा, केस पिकलेले. म्हणाला, मी काकाला म्हणायचो, फोन लावून देतो. तर म्हणायचा, "फोनवर काय बोलू तीस वर्सानं?" म्हणायचा, येईल ती. एकदा तर खाट उचलून रस्त्याकडच्या खोलीत टाकायला लावली. शेवटच्या आठवड्यात रोज विचारायचा, पास लागतो का रे बायांना. मी ऐकत होते आणि मनात दिवस मोजत होते. शिरा झाला त्या दिवसापासूनचे दिवस.

तेरवी करून आम्ही परत आलो. पावसाळा गेला. गाड्या सुरू झाल्या. मी एकदा फोनवर उर्दू शाळेच्या गुरुजींना सांगितलं की पुस्तक वाचलं. त्यांनी उत्साहाने विचारलं, शेवट कसा वाटला? मी म्हणाले, "चांगला आहे." ते म्हणाले, "चांगला?" मी विषय बदलला.

दिवाळीच्या आधी एक दिवस दुपारी नणंदेने कपाटातून ते पुस्तक स्वतः काढून आणलं. कुंकवाचा डाग तोवर तपकिरी झाला होता. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तो येते ते वाच. जेवाले वाढते म्हनते ते."

मी पुस्तक घेतलं. पान काढलं. पुन्हा तेच बोलायला तोंड उघडलं. तेव्हा मी नेमकं काय म्हणाले होते, पावलं आधी की बोटं आधी, तेच आठवेना. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि सांगून टाकलं. तसं तिथे लिहिलेलं नाही, बाई. ते मी मनाचं वाचलं होतं.

मला वाटलं आता ही उठून जाईल, किंवा बोलेल, शिव्या देईल, काहीतरी करेल. तिने पदर सावरला आणि नीट मांडी घातली. "मंग लिहेल हाये ते वाच."

मी वाचलं. परकी पोरगी, ताप, न वितळलेला बर्फ, कोणाची ते न कळणाऱ्या कबरी, शिटी, घोडे. एक शब्द गाळला नाही. पुस्तक मिटलं तेव्हा बाहेरून एसटी गेली, मानोऱ्याची असेल किंवा नसेल, दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

"हे आयकलं असतं," ती म्हणाली, "तं त्याच दिवशी निंघाली असती मी. कोनी न्याले नसतं आलं तरी."

मी कव्हरावरचा तो तपकिरी डाग बोटाने पुसत राहिले.

"काहून नाई वाचलं तवा?"

"तुमाले सोसनार नाई असं वाटलं, बाई."

तिचा आवाज चढला नाही. शाळेत न जाता, माझ्यापेक्षा कितीतरी सरळ हिशेब करून ती म्हणाली, "तीस वर्सं सोसलं म्या. तीन पानं सोसली नसती?"